दोन लाख बहात्तर हजारांची वॅगनआर: कोल्हापुरातल्या एका घराचा पहिल्या वर्षाचा हिशोब

पार्श्वभूमी

हे कुटुंब कळंब्याच्या बाजूला राहतं. गृहस्थ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात नोकरीला, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ४६,००० रुपये. दोन मुलं आणि २०२४ च्या दिवाळीपासून गृहस्थांचे वडील घरात. वडील राधानगरी तालुक्यातल्या गावी असायचे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यांना शहरात आणावं लागलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे वगळले आहेत.

तोवर घरात एक मोटारसायकल होती आणि तिच्यावर सगळं भागत होतं. डायलिसिसनंतर मात्र माणूस गळून गेलेला असतो, रक्तदाब खाली आलेला असतो. दुचाकीवर त्याला मागे बसवता येत नाही, आणि पावसाळ्यात रिक्षा वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो. शिवाय गावच्या शेतीसाठी महिन्यातून दोन फेऱ्या होत्याच. गाठीला १,६०,००० रुपये होते. जानेवारी २०२५ मध्ये जुनी गाडी घ्यायचं ठरलं.

अडचण

विचारायला सुरुवात केली तेव्हा घरात प्रश्न एकच होता: हप्ता किती बसेल? वापरलेली गाडी घेणाऱ्या बहुतेक घरांत हाच प्रश्न आधी येतो आणि हिशोब तिथेच चुकायला लागतो. हप्ता हा खर्चाचा साधारण निम्मा भाग असतो. उरलेल्या निम्म्यात पेट्रोल, विमा, टायर, बॅटरी, क्लच आणि कधी येईल ते सांगता न येणारं एखादं मोठं काम असतं. पगार ४६,००० असलेल्या घरात हे मोठं काम हप्ता भरून उरलेल्या पैशातून निघत नाही. त्यासाठी रक्कम आधीच बाजूला काढलेली असावी लागते.

पत्नींनी वहीत आधी गाडी न घेण्याचा खर्च मांडला, आणि ते फार चांगलं केलं. महिन्याला डायलिसिसच्या ९ फेऱ्या, जाऊन-येऊन रिक्षाचे सरासरी ३६० रुपये, म्हणजे ३,२४०. गावाला भाड्याची गाडी दोनदा, प्रत्येकी १,९०० रुपये, म्हणजे ३,८००. एकूण ७,०४०. जुनी गाडी घेतली तर महिन्याचा अंदाज १२,४५० च्या घरात जात होता. म्हणजे गाडीपायी महिन्याला ५,४०० रुपये जादा जाणार होते. रात्री-अपरात्री वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं तर दारात गाडी हवी, यासाठी एवढे पैसे मोजायचे हे दोघांनी समजून-उमजून ठरवलं. ‘गाडी घेतल्यावर पैसे वाचतात’ अशी समजूत करून घेतली नाही. पुढचे बरेच निर्णय या एका पानामुळे सोपे झाले.

समोर आलेले पर्याय

पहिली गाडी एका विक्रेत्याकडची: २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, किंमत ४,६०,०००. एक लाख रोख, ३,६०,००० कर्ज, ‘फक्त ९ टक्के’, पाच वर्षं, हप्ता ८,७००. गाडी चकाचक, सीट नवे, आतून सुगंधी.

दुसरी, मालकाकडून थेट: २०१६ ची वॅगनआर, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, ६२,००० किलोमीटर, पहिलाच मालक, राजारामपुरीतली. मागणी ३,१५,०००.

तिसरी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, २,७५,०००. ही लगेच बाजूला ठेवली. महिन्याला साडेपाचशे किलोमीटर आणि त्यातलं बरंच सात-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत, एवढ्या वापरात डिझेलची बचत हजाराच्या आत राहते. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की दोन वर्षांची बचत जाते.

कर्जाचा हिशोब: ९ टक्के म्हणजे किती

विक्रेत्याने सांगितलेले ९ टक्के ‘फ्लॅट’ होते. फ्लॅट दरात व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत लागतं. ३,६०,००० वर ९ टक्क्यांनी वर्षाचे ३२,४००, पाच वर्षांचे १,६२,०००. मुद्दल आणि व्याज मिळून ५,२२,०००, भागिले ६०, म्हणजे ८,७००. प्रत्येक हप्त्यात ६,००० मुद्दल आणि २,७०० व्याज. पहिल्या महिन्यात डोक्यावर ३,६०,००० असतात तेव्हा २,७०० व्याज, आणि शेवटच्या महिन्यात फक्त ६,००० उरलेले असतात तेव्हाही २,७०० च. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावर, धरलं तर हाच दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास येतो.

हे ताडून बघायला गणित यावं लागत नाही. हप्ता गुणिले महिने, त्यातून हातात येणारी कर्जरक्कम वजा करा. उरलं ते व्याज. प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत गळ्यात घातलेला विमा, फाइल चार्ज असं काही कापून घेणार असतील तर तेही हातात येणाऱ्या रकमेतून आधी वजा करायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना अशा कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो कागद मागितल्यावर विक्रेत्याचा माणूस ‘सही झाल्यावर देतो’ म्हणाला. सहीनंतर त्या कागदाचा उपयोग काय?

मुदतीआधी कर्ज फेडायचं झालं तर किती आकार लागेल हेही लेखी विचारायचं असतं. वापरलेल्या गाड्यांची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यावर फोरक्लोजर शुल्क लागू शकतं.

गृहस्थांच्या कारखान्यात कामगारांची सहकारी पतसंस्था आहे. कोल्हापूर भागातल्या बऱ्याच कारखान्यांत, शाळांत अशी संस्था असते आणि गाडी घेताना लोक तिला विसरतात. तिथे २,००,००० रुपये, १२ टक्के, घटत्या शिलकीवर, ३६ महिने: हप्ता ६,६४३, एकूण व्याज ३९,१४८. दोन जामीनदार लागले, हप्ता पगारातून कापला जाणार होता, आणि संस्थेच्या शेअर्सपोटी ५,००० कापून हातात १,९५,००० आले. गाडी संस्थेकडे तारण नसल्याने आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, कर्जाचा बोजा चढला नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: पगारातून कापला जाणारा हप्ता अडचणीच्या महिन्यात पुढे ढकलता येत नाही, आणि थकला तर जामीनदार सहकाऱ्यांच्या पगाराला हात लागतो. म्हणून मुळात कर्जच कमी काढलं.

एक लाख बासष्ट हजार व्याजाच्या जागी एकोणचाळीस हजार, हा फरक दिसल्यावर पैशाचा प्रश्न मिटला. गाडीचा अजून मिटला नव्हता, कारण पत्नींचं मन २०१८ च्या गाडीवर होतं.

गाडी तपासताना

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना ८०० रुपये देऊन दोन्ही गाड्या दाखवल्या. स्कॅनर लावणं त्यातच होतं.

२०१८ ची गाडी. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. वरचा भाग स्वच्छ, आणि जो शेवटचा हातभर पट्टा कायम गुंडाळलेला राहतो त्यावर फिकट तपकिरी गाळाची सरळ रेघ. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट पाहिले, गंजून फुगलेले. ब्रेक पेडलच्या वरची कंस-पट्टी गंजलेली. डिकीतलं स्टेपनी चाक उचललं तर खालच्या खळग्यात सुकलेली माती. जुलै २०२१ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात गेली असावी, असं त्यांनी सांगितलं. सीट आणि कारपेट बदलता येतात, गाडी आठवडाभर उन्हात ठेवून सुकवताही येते. वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा मात्र वर्षा-दोन वर्षांनी हिरवा गंज होऊन बाहेर येतो: कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी काच खाली जात नाही, कधी गाडी मध्येच बंद पडते, आणि कारण सापडत नाही. ज्या शहरात २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर येऊन गेले तिथे सीटबेल्ट ओढून बघितल्याशिवाय गाडी घेऊच नये.

वॅगनआर सकाळी सात वाजता पाहिली. आदल्या रात्रीपासून चालू केलेली नसावी, असं मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली. पहिल्या सेल्फला सुरू, धूर नाही, आवाज बरा. सीटबेल्ट स्वच्छ, रूळ स्वच्छ, पुढच्या पत्र्याचे मूळ वेल्डचे ठिपके शाबूत. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर क्रमाने वाढलेले. दोष तीन निघाले.

पहिला दोष टायर. नक्षी दिसायला निम्मी होती, पण टायरच्या कडेवरच्या अंडाकृती चौकटीत ‘१८१७’ होतं: २०१७ सालचा अठरावा आठवडा. आठ वर्षांचं रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. १५५/६५ आर १४ मापाचे चार टायर अलाइनमेंटसह १६,००० धरले.

दुसरा क्लच. पेडल अगदी वर आल्यावर पकड घेत होता. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आवाज वाढायचा, वेग मागून यायचा. अजून सहा-आठ महिने जाईल, मग ८,००० रुपये.

तिसरा कूलिंग. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत हिरवा किंवा लाल कूलंट नव्हता, चहासारखं पाणी होतं. वरचा होज, म्हणजे रबरी नळी, दाबला तर मऊ, फुगलेला. फ्लशिंग, होज, कूलंट असे ४,००० रुपये.

हा २८,००० चा कागद रकमांसह मालकांपुढे ठेवला. नुसतं ‘जास्त सांगताय’ म्हटलं तर हजार-दोन हजार उतरतात. कामांची यादी दाखवली की बोलणं मुद्द्यावर येतं. व्यवहार २,७२,००० ला ठरला.

या तपासणीत एक गोष्ट राहिली: एसी चालू करून बघितला नाही. जानेवारीतली थंडीची सकाळ होती, कोणाच्या डोक्यातही आलं नाही. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला लागला पाहिजे. तो त्या दिवशी फिरला असता की नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं.

कागदपत्रं

एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तेव्हा एका बँकेचा बोजा दिसला. मालकांचं कर्ज चार वर्षांपूर्वीच फिटलं होतं, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) कपाटात होती, पण आरटीओत नोंद उतरवायची राहून गेली होती. अशा एनओसीची मुदत संपलेली असते. बँकेकडून नवीन घ्यावी लागली आणि फॉर्म ३५ सोबत देऊन बोजा उतरवावा लागला. त्यात तीन आठवडे गेले.

इथला निर्णय चांगला होता. मालक सज्जन होते, ‘गाडी घेऊन जावा, कागद होतील मागनं’ म्हणत होते. तरी १०,००० टोकन देऊन बाकी रक्कम बोजा उतरल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत थांबवली. मग मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, उरलेली रक्कम बँकेतून वर्ग केली, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही केलेला कागद केला. कॅमेऱ्याचं चलन कोणाच्या काळातलं, हा वाद पुढे त्या कागदावर मिटतो. जुनी चलनं आधी तपासून मालकांकडूनच भरून घेतली. हस्तांतरणाचा खर्च ३,१००.

विम्याचे चार महिने शिल्लक होते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुन्या मालकांचा ५० टक्के बोनस निघाला आणि फरकापोटी १,९०० भरावे लागले. पॉलिसी मेमध्ये संपली तेव्हा ७,९०० मध्ये सर्वसमावेशक विमा काढला. इतक्या जुन्या गाडीला इंजिन संरक्षणाचं पूरक कलम मिळालं नाही. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, हा घरातला पक्का नियम आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

पहिले चार महिने

हातात एकूण ३,५५,००० होते. गाडी, हस्तांतरण आणि विमा जाऊन ७८,००० उरले. लगेच चार टायर घातले (१६,२००) आणि सर्व्हिसिंग केली: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, तीन स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, पुढचे ब्रेक पॅड, मिळून ६,४००.

कूलिंगचं काम मात्र ठरलं असूनही राहिलं. ज्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झाली तिथले मिस्त्री वेगळे होते. ते म्हणाले, “साहेब, पाणी बदलून देतो, आता थंडी हाय, उन्हाळ्यात बघू.” त्याच आठवड्यात सीट कव्हर आणि टचस्क्रीन म्युझिक सिस्टिम बसली, ११,५०० रुपयांना. बाकीचे ४३,९०० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकले आणि दरमहा १,५०० त्यात भरायचे ठरले. या खात्याला एटीएम कार्ड घेतलं नाही.

पत्नींनी पेट्रोलची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली. पद्धत नीट होती: पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची, आणि मधले किलोमीटर भागिले या वेळचे लिटर. सरासरी लिटरला १३.१ किलोमीटर निघाली. अशा वापरात १६ ते १७ मिळायला हवी. ‘गावातल्या गावात चालते म्हणून’ अशी समजूत काढली गेली.

एप्रिलमध्ये दुसरी खूण दिसली. गाडी चालती असली की एसी गार, सिग्नलला थांबली की गरम हवा. गॅरेजमध्ये ‘गॅस कमी आहे’ म्हणून १,८०० चा गॅस भरला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

घाटात

मेमध्ये कणकवलीचं लग्न उरकून फोंडा घाटाने परत येताना, चढावर, पाच माणसं आणि एसी चालू असताना तापमानाचा लाल दिवा लागला. संध्याकाळ होती, फोनला रेंज नव्हती, मागे मुलं होती. ‘वर दाजीपूरपर्यंत जाऊ, तिथं थांबू’ असं म्हणून गृहस्थांनी पाच-सहा किलोमीटर गाडी तशीच ओढली. वर पोचल्यावर इंजिन अडखळलं आणि मागून पांढरा धूर आला. तिथून कोल्हापूरपर्यंत गाडी उचलून आणायला ५,००० लागले.

उद्यमनगरात पहिल्याच, तपासणी केलेल्या मिस्त्रींकडे गाडी खोलली. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी रंगाची साय जमली होती, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या झाकणामधलं (हेडमधलं) सील, उडालं होतं आणि ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकलं होतं. पुढे जे निघालं त्यात चार महिन्यांतल्या सगळ्या खुणांचा उलगडा झाला.

थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. कधीतरी कोणीतरी ‘गाडी गार राहते’ म्हणून काढून टाकलेला. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की छोट्या फेऱ्यांत इंजिन कधी पुरतं तापतच नाही, कॉम्प्युटर गार इंजिन समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. १३.१ चं ॲव्हरेज तिथून आलं होतं.

पंख्याची मोटर जळालेली होती. गाडी चालती असताना समोरची हवा काम करते, थांबली की काहीच नाही. एसी सिग्नलला गरम का होत होता, ते हेच. गॅसचे १,८०० रुपये वाया गेले.

आणि रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजलेल्या. गावात हळू चालताना जेवढी उष्णता निघत होती ती पुरत होती. घाटात, भर उन्हाळ्यात, एसीसकट ती पुरली नाही.

खर्च असा आला: गॅस्केट सेट २,२००, हेड फेसिंग (वाकलेलं हेड मशीनवर सपाट करणं) आणि व्हॉल्व्हचं काम १,८००, नवा रेडिएटर ३,२००, पंख्याची मोटर १,६००, थर्मोस्टॅट ६००, होज ५००, कूलंट ७००, ऑइल आणि फिल्टर १,४००, मजुरी ३,६००. एकूण १५,६००. उचलून आणण्याचे ५,००० धरून २०,६००. हेड फेसिंग उद्यमनगरातच एका दिवसात झालं. मशीनकामाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत, दुसऱ्या गावी हेच हेड शहरात पाठवून दोन-तीन दिवस वाट बघावी लागते.

वेगळ्या खात्यात त्या दिवशी ४८,१०० होते. बिल देऊन २७,५०० उरले. नवं कर्ज नाही, दागिना गहाण नाही, डायलिसिसची एकही फेरी चुकली नाही. गाडी पाच दिवस गॅरेजमध्ये होती तेवढे दिवस रिक्षा केली. पहिल्या विक्रेत्याची गाडी घेतली असती तर एक लाख रोख आणि कागदपत्रं-विम्याचा खर्च जाऊन हातात ३५,००० राहिले असते, आणि दरमहा हप्ता दोन हजारांनी जास्त. टायर घातले असते तर एवढं बिल भागवायलाही पैसे उरले नसते.

वर्षअखेरचा हिशोब

वर्षात गाडी ६,६०० किलोमीटर चालली. दुरुस्तीनंतर ॲव्हरेज १६.६ वर गेलं. लिटरला १०५ रुपये धरून पेट्रोल ४५,५००. हप्ते ७९,७१६. विम्याचं नूतनीकरण ७,९००, हस्तांतरण आणि विम्याचा फरक ५,०००. टायर, सर्व्हिसिंग, एसी गॅस, घाटातलं प्रकरण, सप्टेंबरमध्ये क्लच सेट ७,८०० आणि नोव्हेंबरमध्ये बॅटरी ४,२००, असं सगळं मिळून ५७,०००. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्या आणि पीयूसी यांचे हजारभर. बेरीज १,९६,१०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला सरासरी १६,३००. म्युझिक सिस्टिम यात धरलेली नाही.

अंदाज १२,४५० चा होता. जुन्या गाडीचं पहिलं वर्ष अंदाजापेक्षा महागच जातं, कारण आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं नव्या मालकाच्या वाट्याला येतात. दुसऱ्या वर्षी देखभालीला १८,००० धरून महिन्याचा खर्च १२,३०० पर्यंत खाली येईल असं दिसतं.

वर्षअखेरीस सीएनजी किटचा विषय निघाला. किलोला ९० रुपये आणि २२ किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. ५५० किलोमीटरला १,२३०. साठ हजारांचं किट फिटायला चार वर्षं, त्यात दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, आरसीवर नोंद, आणि वडिलांची चाकाची खुर्ची ठेवायला डिकी उरत नाही. विषय तिथेच थांबवला. महिन्याला १,२०० किलोमीटरच्या पुढे वापर असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

कूलिंगचं काम जानेवारीत नीट झालं असतं तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, होज, कूलंट आणि मजुरी धरून ७,८०० लागले असते. मेमध्ये २०,६०० लागले. वरचे १२,८०० म्हणजे जवळजवळ दोन हप्ते, आणि त्याच आठवड्यात ११,५०० सीट कव्हर आणि म्युझिकवर गेले होते. पैसे नव्हते म्हणून काम राहिलं असं झालं नाही, क्रम चुकला. जुनी गाडी घरी आली की आधी गाडी थांबवणाऱ्या गोष्टी बघायच्या: टायर आणि ब्रेक. मग इंजिन जाळणाऱ्या: ऑइल आणि कूलिंग. क्लचसारख्या हळूहळू सूचना देत जाणाऱ्या गोष्टी वाट बघू शकतात. बाकी सगळं राखीव रक्कम बाजूला पडल्यावर.

ज्या मिस्त्रींनी गाडी तपासली त्यांच्याकडेच पहिली सर्व्हिसिंग करायला हवी होती. दोष त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या गॅरेजला यादी तोंडी सांगितली गेली आणि तिचं वजन गेलं.

ॲव्हरेज तीन लिटरमागे दहा किलोमीटरने कमी येतंय, ही नोंद वहीत होती, पण ती कोणाला दाखवली नाही. अशी वही गॅरेजमध्ये घेऊन जायची. ‘एसी गार होत नाही’ एवढंच सांगितलं तर गॅस भरला जातो. ‘चालताना गार, थांबल्यावर गरम’ असं सांगितलं तर चांगला मिस्त्री आधी पंखा बघतो.

लाल दिवा लागल्यावर काय करायचं, ते आता डॅशबोर्डच्या कप्प्यात लिहून ठेवलं आहे. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा दिसताच बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं. गार झाल्यावर गळती बघायची, पाणी भरायचं, आणि दिवा पुन्हा लागला तर एक किलोमीटरही पुढे न्यायची नाही. डिकीत पाच लिटरचा शुद्ध पाण्याचा कॅन असतो. नव्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स जोडून घ्यायचं मेमध्ये राहिलं होतं. येत्या नूतनीकरणाच्या यादीत ते पहिलं लिहिलं आहे.